घरचा पाव ताजा कसा राखावा?

घरी पाव भाजून विकणाऱ्याचा नफा पुष्कळदा डब्यातच बुडतो. पाच लाद्या भाजल्या आणि एक फेकावी लागली, तर मालाचा पाचवा हिस्सा गेला. म्हणून पाव राखण्याचे तंत्रही शिकून घ्यावे.

पाव दोन कारणांनी खराब होतो. पहिले कारण शिळेपणा. भाजताना पिठातील स्टार्च पाणी शोषून मऊ होतो आणि गार झाल्यावर हळूहळू पुन्हा घट्ट होतो. त्यामुळे पाव न सुकताही कडक लागतो. दुसरे कारण बुरशी. तिला ओल व ऊब लागते. कफ परेडच्या मच्छीमार नगरासारख्या समुद्रालगतच्या वस्तीत हवा दमट. पावसाळ्यात तर बुरशी फार लवकर धरते.

पुष्कळजण पाव फ्रिजमध्ये ठेवतात. तेथे बुरशी लांबते, पण शिळेपणा उलट लवकर येतो. शेजारी मासळी असेल तर पावाला तिचा वासही लागतो. मग करावे काय?

१. पाव भाजून निघताच जाळीवर काढा. लादी तासभर, मोठा पाव दोन-तीन तास गार होऊ द्या. गरम पाव बांधल्यास वाफेचे पाणी होऊन बुरशी येते.

२. आज खपणारा पाव स्वच्छ, कोरड्या कापडात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा. कडक ब्रून कागदी पिशवीतच द्या. प्लास्टिकमध्ये त्याची साल मऊ पडते. डबा वरचेवर धुऊन उन्हात वाळवा.

३. उरेलसे वाटणारा पाव त्याच दिवशी हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर ठेवा. तेथे शिळेपणा जवळजवळ थांबतो. काढल्यावर पिशवीतच नरम होऊ द्या आणि मग गरम करा.

४. पीठ मळताना थोडे तेल, तूप किंवा दूध घातल्यास मऊपणा जास्त टिकतो.

५. नुसता शिळा झालेला पाव गरम केल्यास पुन्हा मऊ होतो, पण लगेच खावा लागतो. उरल्यास टोस्ट करा.

बुरशीचा डाग मात्र खरवडून काढू नका. तिचे धागे आत पसरलेले असतात. सबंध पाव फेका. उन्हाळ्यात पाव आतून चिकट होऊन तार सुटली व सडक्या फळासारखा वास आला, तर तोही फेका आणि भांडी व्हिनेगरने पुसून घ्या.

शेवटचे, कालचा पाव कालचा म्हणूनच, कमी भावाने विका. चार पैसे कमी मिळतील, पण गिऱ्हाईक टिकेल.