इंग्रजी शब्दांच्या मुळाशी नांगर



इंग्रजीचे पुस्तक उघडले की आपल्यापैकी पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. ही साहेबाची भाषा, शहरातल्या लोकांची भाषा, आपल्याला ती कशी जमणार, असे वाटते. पण या भाषेतले काही जुने शब्द जरा उकरून पाहिले तर मुळाशी काय सापडते, ठाऊक आहे? नांगर, बैल, बियाणे आणि भाकरी! हे शब्द तयार झाले तेव्हा तिकडची बहुतेक माणसे खेड्यात राहून शेतीच करीत होती. चला तर, त्यांतले काही शब्द पाहू.

१. फर्लांग

गावातली म्हातारी माणसे कधी कधी म्हणतात, "इथून दोन फर्लांगांवर विहीर आहे." फर्लांग हे अंतराचे जुने माप. जुन्या इंग्रजीत नांगराच्या तासाला 'फुर्ह' म्हणत आणि 'लांग' म्हणजे लांब. (तास म्हणजे घड्याळातला नव्हे बरं का, नांगराने जमिनीत पडते ते!) तेव्हा फर्लांग म्हणजे एका तासाची लांबी. तिकडचा नांगर जड, त्याला बैल पुष्कळ जोडावे लागत. एवढे मोठे औत वळवायचे म्हणजे कोण खटपट! म्हणून तास लांबच लांब काढीत आणि टोकाला पोचल्यावर बैलांना दम घेऊ देत. पुढे ही लांबी २२० यार्ड, म्हणजे सुमारे २०१ मीटर, अशी ठरून गेली. राणी पहिली एलिझाबेथ हिच्या काळात, १५९३ साली, ८ फर्लांगांचा १ मैल असा कायदाच झाला. आपल्या देशात दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला. त्याआधी आपल्याही रस्त्यांवर मैलाचे आणि फर्लांगाचे दगड असत. आता इंग्लंडात हा शब्द मुख्यतः घोड्यांच्या शर्यतीत ऐकू येतो.

२. एकर

हा शब्द तर तुम्ही घरी रोज ऐकता. याचा पहिला अर्थ नुसता 'शेत' असा होता. मग एका औताने एका दिवसात जेवढी जमीन नांगरून होईल ती एक एकर, असे लोक मानू लागले. त्याचा आकारही ठरला. लांबी १ फर्लांग आणि रुंदी २२ यार्ड. हे २२ यार्ड कुठे ऐकल्यासारखे वाटतात का? बरोबर! क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबी तेवढीच असते. आता गुणाकार करा. २२० गुणिले २२ म्हणजे ४८४० चौरस यार्ड. आपला गुंठा १२१ चौरस यार्डांचा, म्हणून ४० गुंठ्यांचा एकर. आणि गंमत ऐका, संस्कृतमध्ये 'अज्र' असा एक शब्द आहे, त्याचा अर्थ शेत किंवा मोकळे मैदान. एकर आणि अज्र हे दोघे एकाच मुळाचे.

३. योक

योक म्हणजे बैलांच्या मानेवरचे जू. संस्कृतमध्ये त्याला 'युग' म्हणतात. त्याच युगापासून आपला 'जू' शब्द आला. योक आणि जू हे हजारो वर्षांपूर्वीचे भाऊ-भाऊ. एक तिकडे गेला, एक आपल्या गोठ्यात राहिला!

४. ब्रॉडकास्ट

आकाशवाणीवरून कार्यक्रम प्रसारित होतो, त्याला इंग्रजीत ब्रॉडकास्ट म्हणतात. 'ब्रॉड' म्हणजे रुंद आणि 'कास्ट' म्हणजे फेकणे. रेडिओ नव्हता तेव्हा या शब्दाचा अर्थ होता, मुठीत बी घेऊन शेतभर फोकून पेरणे. रेडिओ आल्यावर लोकांना वाटले, हा आवाजही तसाच चहूकडे फेकला जातो. मग शेतातलाच शब्द उचलून रेडिओला दिला. आपल्या 'प्रक्षेपण' या शब्दातही फेकणेच आहे.

५. डिलिरियम

कडक तापात माणूस बरळू लागला की डॉक्टर हा शब्द वापरतात. हा मूळचा लॅटिन भाषेतला. लॅटिनमध्ये 'लिरा' म्हणजे तास. तास सोडून नांगर भलतीकडे गेला की त्याला जे म्हणत, त्यातून हा शब्द निघाला. बोलण्याचा ताळ सुटला म्हणजे नांगर तासातून बाहेर गेला! नांगर धरणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

६. लॉर्ड आणि लेडी

लॉर्ड म्हणजे मोठा सरदार. पण जुन्या इंग्रजीत हा शब्द 'ह्लाफवेअर्द' असा होता. 'ह्लाफ' म्हणजे पाव, 'वेअर्द' म्हणजे राखणारा. घरातल्या सर्वांच्या भाकरीची काळजी वाहणारा तो लॉर्ड! आणि लेडी म्हणजे 'ह्लाफडिगे', पावाचे पीठ मळणारी. एवढ्या मानाच्या पदव्या, पण दोन्ही भाकरीतून निघालेल्या.

आता सांगा, ज्या मुलाने बैल जुंपलेले पाहिले आहेत, बी फोकताना पाहिले आहे, आईला पीठ मळताना पाहिले आहे, त्याला हे शब्द परके वाटतील काय? यापुढे अवघड इंग्रजी शब्द दिसला की घाबरू नका. त्याचे तुकडे पाडा, मोठ्या शब्दकोशात त्याचे मूळ पाहा. मूळ कळले की अर्थ ध्यानात राहतो आणि स्पेलिंगही सहसा चुकत नाही.

आणखी एक. जुना फर्लांग जसा रोजच्या बोलण्यातून गेला, तसे आपले शब्दही जात आहेत. ट्रॅक्टर आला आणि रुमणे, हळस, शिवळ, जोते हे शब्द घरात ऐकू येईनासे झाले. माहीत असलेली माणसे आहेत तोवर ते लिहून ठेवले पाहिजेत.

करून पाहा :

१. शाळेच्या मैदानावर २२ यार्ड (सुमारे २० मीटर) दोरीने मोजा. अशा किती दोऱ्या झाल्या म्हणजे १ फर्लांग होईल?

२. आजी-आजोबांना विचारून औताच्या भागांची आणि जुन्या मापांची प्रत्येकी पाच नावे अर्थासह लिहून आणा. चांगल्या याद्या पुढच्या अंकात लावू.