आंस आधीं, रंग मागाहून

लोणंदच्या बाजारांत कांद्याचे दिवस आले म्हणजे चोहोंकडच्या शिवारांतून मालाच्या गाड्या येऊं लागतात. डांबरी सडकेवर त्यांची खरी परीक्षा होत नाहीं; ती होते शेताच्या बांधापासून सडकेपर्यंतच्या थोड्याशा वाटेवर. तेथें ओढ्याचा उतार असतो, वळवाच्या पावसाचा चिखल असतो, आणि भिजलेला कांदा टिकत नसल्यामुळें थांबावयास सवड नसते. अशा वाटेसाठीं एखादी जुनी जीप किंवा लहान ट्रक घेऊन ती गाडी बेताच्या पैशांत मजबूत करून घ्यावी, असा विचार पुष्कळ घरांतून होतो. आमच्या विद्यार्थिवाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं तो झालाही असेल. म्हणून त्या विचारास गणिताची व यंत्रशास्त्राची जोड द्यावी, असें आम्हीं योजिलें आहे.

बहुधा हा विचार उलट्या टोकानें सुरू होतो. प्रथम उंच टायर येतात, मग दिवे येतात, मग रंग येतो. आणि थैली रिकामी झाल्यावर ध्यानांत येतें कीं, हा सारा भार ज्यावर तोलावयाचा तो आंस जुनाच राहिला!

आंसावर किती ताण येतो तें पाहूं. दुसऱ्या महायुद्धांतील विलीस जीप आपल्या ओळखीची आहे. १९४५ सालीं स्थापन झालेल्या व १९४८ पासून महिंद्र आणि महिंद्र या नांवानें चालत आलेल्या कंपनीनें पुढें मुंबईंत याच जातीच्या गाड्यांची जुळणी केली. युद्धांतील त्या जीपचें इंजिन ६० अश्वशक्तीचें असून त्याचा पीळ, म्हणजे फिरविण्याचें बळ, सुमारें १०५ फूट-पौंड होतें. पहिल्या गिअरमध्यें तें बळ सुमारें २.६७ पट होई, चार चाकांस शक्ति वांटणाऱ्या पेटींतील मंद गतींत १.९७ पट, आणि आंसावरील दातेरी चक्रांत ४.८८ पट. या तिहींचा गुणाकार २५ हून अधिक येतो. घर्षणाचा वांटा सोडला, तर इंजिनाचे १०५ फूट-पौंड आंसापाशीं सुमारें २,७०० होतात! यावरून दिसेल कीं, आंस वेगानें धांवतांनाच मोडतो असें नाहीं; गाडी चिखलांत रुतून मंद गतीनें नेट लावते, तेव्हांही त्याचा कस लागतो.

आतां आंसाचे दोन प्रकार समजून घेऊं. जुनी लांकडी बैलगाडी आठवावी. तिचा लोखंडी आंस फिरत नसे. तो केवळ ओझें पेली, आणि चाक त्यावर फिरे. मोटारीच्या ज्या आंसास फुल-फ्लोटिंग म्हणतात, त्याचें तत्त्व हेंच आहे. गाडीचें ओझें बाहेरची जाड नळी पेलते, व आंतील दांडा चाकास फक्त फिरवितो. दांडा मोडला तरी चाक जागेवर राहतें. सेमी-फ्लोटिंग प्रकारांत मात्र त्याच दांड्यास चाक फिरवावें लागतें आणि ओझेंही पेलावें लागतें. तो चाकापाशीं मोडला, तर चाक तुकड्यासह बाहेर निखळूं शकतें. लोणंदहून साताऱ्याकडे जातांना सालपे घाटाच्या वळणावर असें झाल्यास काय ओढवेल, तें सांगावयास नको. भारवाहू गाड्यांस बहुधा पहिला प्रकार असतो, त्याचें कारण हेंच.

दांड्याच्या जाडीचा नियमही लक्षांत ठेवण्याजोगा आहे. पिळास तोंड देण्याची शक्ति व्यासाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. त्याच पोलादाचा दांडा ३० ऐवजीं ३३ मिलिमीटरांचा घेतला, तर व्यास दहाव्या हिश्श्यानेंच वाढतो, पण बळ जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यानें वाढतें. टायरचा नियम याच्या उलट बाजूनें जाच करितो. २८ इंचांच्या जागीं ३२ इंचांचें चाक घातलें, तर तोच चढ चढण्यास आंसाला सातव्या हिश्श्यानें अधिक पीळ सोसावा लागतो. म्हणजे ज्यानें आधीं टायर घेतले, त्यानें दुबळा आंस अधिकच दुबळा केला.

मोडीच्या बाजारांत जुन्या ट्रकचा आंस स्वस्त मिळतो. परंतु स्वस्ताईस भुलूं नये. त्याची रुंदी व चाकाच्या बोल्टांची मांडणी आपल्या गाडीशीं जुळते कीं नाहीं, हें मोजून पाहावें. चारही चाकें चालविणाऱ्या गाडींत पुढील व मागील आंसांचें दात्यांचें प्रमाण एकच असावें लागतें. तें निराळें असल्यास दोन्ही आंस एकमेकांशीं झगडून सारी यंत्रणा झिजवितात. शिवाय मोठ्या आंसाचा मधला गोळाही मोठा असतो, आणि तो दगडावर आपटण्याचा संभव वाढतो.

कायद्याचाही विचार पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, कारखानदारानें ठरविलेल्या रचनेंत मन मानेल तसा फेरफार करतां येत नाहीं. म्हणून परिवहन कार्यालयांत विचारपूस आधीं करावी, वेल्डिंग मागाहून. आणि आंस जाड केला म्हणून नोंदणीपत्रांतील वजनाहून अधिक माल भरण्याचा हक्क मिळत नाहीं.

आतां खर्चाची वांटणी. शंभर रुपये आहेत असें धरूं. आमच्या मतें त्यांतले ४० आंस, बेअरिंगें व हब यांस द्यावे, २० ब्रेक व सुकाणूस, १५ पाटे व टायर यांस, ५ कागदपत्रांस, आणि २० राखून ठेवावे, कारण जुनी गाडी उघडली म्हणजे दडलेलें दुखणें बाहेर येतेंच. रंगास आम्हीं कांहींच ठेविलें नाहीं, हें वाचकांच्या ध्यानांत आलें असेलच. राखीवांतून कांहीं उरलें, तर रंग खुशाल द्यावा.

तात्पर्य, बेत आंसापासून वर चढवीत न्यावा, टपापासून खालीं नव्हे. जें डोळ्यांस दिसत नाहीं तेंच ओझें वाहतें. पावसाच्या सरी ऐकूं येत असतां, कांद्यानें भरलेली आपली गाडी चिखलांतून सुखरूप सडकेवर आलेली जो शेतकरी पाहील, त्यास तिचा उडालेला रंग खचित सलणार नाहीं.