गिऱ्हाईकाची अडचण ओळखा, माल आपोआप सुधारेल

आपल्यातील पुष्कळ बांधव हुन्नर आणि लहान व्यापारावर पोट भरतात. शिवणकाम, चामड्याच्या वस्तू, बॅगा, फर्निचर, भांडी, पत्र्याचे काम या धंद्यांत आपला हात कसबी आहे. तरीही कारखान्याचा माल बाजारात उतरला की आपल्या मालाचा उठाव कमी होतो. मग आपण भाव पाडतो. भाव परवडावा म्हणून कच्चा माल हलका वापरतो आणि हलक्या मालामुळे उरलेले गिऱ्हाईकही तुटते. या फेऱ्यातून सुटण्याचा एक मार्ग व्यापारशास्त्रात सांगितला जातो. त्याला ‘डिझाईन थिंकिंग’ म्हणतात. आज आपण त्याचा विचार करू.

डिझाईन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नक्षी आणि रंग येतात. येथे मात्र डिझाईन म्हणजे वस्तूची सगळी रचना: ती कोण वापरणार, कोठे वापरणार, किती दिवस टिकणार आणि मोडली तर कशी दुरुस्त होणार. या सगळ्याचा विचार माल बनवण्याआधी करणे म्हणजेच डिझाईन थिंकिंग. नाव विलायती असले तरी या पद्धतीचे एक उत्तम उदाहरण आपल्याच देशातले आहे.

जयपूर फूटचा धडा

साठच्या दशकात जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात पाय गमावलेल्या रुग्णांना विलायती धर्तीचा कृत्रिम पाय बसवला जाई. बनावटीत खोट नव्हती, पण तो वापरायला बूट लागे. घोट्यात तो पुरेसा वाकत नसे. आपली माणसे उकिडवी बसतात, मांडी घालतात, अनवाणी चालतात, शेताच्या चिखलात उतरतात. यातले काहीच त्या पायाने नीट जमत नसे. परिणामी रुग्ण तो पाय घरी ठेवून पुन्हा कुबड्या घेत.

अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांनी याचे कारण रुग्णांच्या राहणीत शोधले. त्यांना साथ मिळाली रामचंद्र शर्मा या कारागिराची. शर्मांचे शालेय शिक्षण फारसे नव्हते, पण हात आणि नजर पक्की होती. असे सांगतात की, सायकल पंक्चर झाली म्हणून ते एका दुकानी थांबले असता तेथे ट्रकच्या टायरवर रबर चढवण्याचे काम चालले होते. साच्यात घालून उष्णतेने रबर पक्के करण्याची हीच रीत पायासाठी वापरता येईल, असे त्यांना सुचले.

पहिल्याच फटक्यात पाय तयार झाला नाही. नमुना करावा, रुग्णाला द्यावा, त्याचे म्हणणे ऐकावे आणि पुन्हा बदल करावा, असे काम चालले. अखेर आत लाकडाचा व हलक्या रबराचा ठोकळा, त्याभोवती टायरचा दोरा आणि वर रबराचे आवरण, अशी रचना ठरली. बाहेरून बोटांसकट खऱ्या पायासारखे रूप दिल्यामुळे बुटाची गरज उरली नाही. हा पाय चिखलपाण्यात चालतो आणि उकिडवे बसू देतो. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जयपूर फूट अफगाणिस्तानसारख्या देशांतही पोहोचला.

येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, यातला कच्चा माल अगदी साधा होता. माणूस बसतो कसा आणि चालतो कुठे, हे पाहिल्यामुळे त्या मालाची किंमत वाढली.

साध्या लोट्याचा विचार

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला एक अहवाल दिला. पुढे १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाईन संस्था निघाली, तिचा पाया या अहवालात आहे. त्यात त्यांनी सर्वांत जास्त वाखाणली ती वस्तू म्हणजे आपल्या घरातला लोटा. तो तळव्यात कसा बसतो, कमरेवर वा डोक्यावर नेताना तोल राहतो का, धार नीट पडते का, आतून घासता येतो का, मोडीत धातूचे किती येतील, असे कितीतरी प्रश्न त्यांनी त्या एका भांड्यावरून मांडले. पिढ्यान्पिढ्या वापरणारे आणि बनवणारे एकमेकांच्या जवळ राहिले, म्हणून लोटा असा घडला. आज कारागीर आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये दलाल व ठोक व्यापारी उभे आहेत. गिऱ्हाईकाची तक्रार कारागिरापर्यंत पोहोचतच नाही, आणि खरे नुकसान इथेच होते.

आपल्या धंद्यात काय करावे?

१) माल वापरला जातो तिथे जाऊन पाहा. बॅगा बनवणाऱ्याने एस.टी. स्टँडवर तासभर उभे राहावे. लोक बॅग कोणत्या खांद्याला लावतात, पैसे कोठे ठेवतात, गर्दीत काय अडकते, याची नोंद करावी.

२) दुरुस्तीवाल्याला विचारा. बॅगेचा पट्टा कोठे उसवतो, चेनचा रनर किती दिवसांत जातो, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते. त्याच्याकडे येणारा मोडका माल म्हणजे आपल्या चुकांची वहीच होय.

३) एका वेळी एकच अडचण निवडा. दहा सुधारणा एकदम केल्या तर कोणती उपयोगी पडली ते कळत नाही.

४) नमुना स्वस्तात करा. पुठ्ठा, टाकाऊ कापड, जुने लाकूड चालेल. पुठ्ठ्यातली चूक काही रुपयांत सुधारते, डाय तयार झाल्यावर तीच चूक हजारोंचे नुकसान करते.

५) नमुना चार-पाच जणांना वापरायला द्या. “आवडला का?” असे विचारू नका, लोक भिडेखातर हो म्हणतात. पंधरा दिवसांनी वस्तू परत पाहा. झिजलेली जागा खरे बोलते.

रूपाचे संरक्षण

नवा आकार किंवा नवी नक्षी काढली तर डिझाईन्स ॲक्ट २००० प्रमाणे पेटंट कार्यालयाकडे तिची नोंदणी करता येते. संरक्षण दहा वर्षांचे असते व ते आणखी पाच वर्षे वाढवून मिळते. मात्र अर्ज माल बाजारात दाखवण्याआधी करावा लागतो. ही नोंदणी वस्तूच्या दिसण्यापुरती असते, ती चालते कशी याला लागू होत नाही. तसेच दुसऱ्याच्या नोंदलेल्या डिझाईनची नक्कल केल्यास भरपाई द्यावी लागू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

भावाच्या चढाओढीत मोठा कारखानदार नेहमीच आपल्यापुढे राहील. त्याला एकदा डाय केल्यावर लाखभर नग काढावेच लागतात. आपण मात्र आज ऐकलेली तक्रार उद्याच्या नगात दूर करू शकतो. लहान कारागिराची ही ताकद मोठी आहे. या आठवड्यात आपल्या मालाचे निदान एक जुने गिऱ्हाईक गाठा आणि त्याच्या हातातली वापरलेली वस्तू नीट पाहून या.