सरकी, जिन आणि गुलामगिरीची पश्चिमेची वाट

लहानपणी शेजारच्या आजी वाती वळायला बसल्या की आम्हा पोरांच्या हातात कापूस द्यायच्या. म्हणायच्या, "सरकी काढा रे." ती बी कापसाला अशी चिकटलेली असायची की तासाभरात मूठभर कापूस जेमतेम साफ व्हायचा, आणि बोटं दुखायची ती वेगळीच. यंदा मंडळाच्या अभ्यासवर्गासाठी अमेरिकेतल्या गुलामगिरीवर वाचताना मला सारखी ती सरकी आठवत होती.

१७९० च्या सुमारास व्हर्जिनियाकडची तंबाखूची जमीन दमली होती. गुलामगिरी हळूहळू आपोआप संपेल, असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटत होतं. दक्षिणेच्या आतल्या भागात आखूड धाग्याचा कापूस चांगला यायचा, पण त्याची हिरवी सरकी फार चिवट. एक माणूस दिवसभर बसला तरी साधारण एक पौंड कापूस निघायचा. १७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी काढायचं दातेरी यंत्र, म्हणजे जिन, तयार केलं. त्यावर दिवसाला पन्नास पौंड कापूस साफ होऊ लागला.

मित्रांनो, यंत्राने कष्ट वाचवले, मग गुलामांची गरज कमी व्हायला हवी होती ना? मलाही आधी तसंच वाटलं. पण वाचले ते फक्त सरकी काढायचे कष्ट. खुरपणी, वेचणी हे सगळं हातानेच चालायचं. सरकीची अडचण दूर झाली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना कितीही कापूस पुरेना. त्यामुळे मळेवाल्यांना दोन गोष्टी हव्या झाल्या : आणखी जमीन आणि आणखी हात.

जमीन पश्चिमेला होती. एकाच रानात वर्षानुवर्षं कापूस घेतला की माती निकस होते, मग नवं रान शोधायचं. अशा रीतीने कापूस जॉर्जियातून अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना असं करत टेक्सासपर्यंत गेला. ती रानं रिकामी नव्हती. तिथे क्रीक, चोक्टॉ, चिकसॉ, चेरोकी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. १८३० च्या कायद्याचा आधार घेऊन त्यांना हुसकावलं गेलं. १८३८-३९ मध्ये चेरोकींना शेकडो मैल पश्चिमेला नेलं, त्यात हजारो माणसं मेली. मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामगिरी बंद केली होती, तेव्हा टेक्सास त्याच देशात होता. १८३६ मध्ये तो फुटून निघाला, आणि त्याच्या नव्या राज्यघटनेने गुलामगिरीला संरक्षण दिलं.

आता हात कुठून आणायचे? १८०८ पासून परदेशातून गुलाम आणायला कायद्याने बंदी होती. पण देशातल्या देशात माणसं विकायला बंदी नव्हती. व्हर्जिनिया, मेरीलँडमधले मालक आपली माणसं व्यापाऱ्यांना विकू लागले. १७९० ते १८६० या काळात सुमारे दहा लाख माणसं अशी दक्षिणेला आणि पश्चिमेला नेली गेली. कुणी साखळदंडात पायी, कुणी जहाजाने न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, लेकरू तिसरीकडे.

यातलाच एक सॉलोमन नॉर्थप. न्यूयॉर्क राज्यातला हा स्वतंत्र माणूस १८४१ मध्ये फसवून पळवला गेला आणि लुइझियानात विकला गेला. सुटका झाल्यावर १८५३ मध्ये त्याने आपल्या बारा वर्षांची हकिकत छापली. संध्याकाळी वेचलेला कापूस जिनघरात वजन व्हायचा. ठरल्यापेक्षा कमी भरला तर चाबूक. आणि जास्त भरला तर दुसऱ्या दिवसापासून तेवढाच आणायचा! खरं सांगते, हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. जिनमध्ये पडणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठोड्यामागे हा तराजू होता.

१७९० मध्ये अमेरिकेत सुमारे सात लाख गुलाम होते, १८६० मध्ये जवळजवळ चाळीस लाख. आपोआप संपणार म्हणत होते ती प्रथा पाचपटीहून जास्त वाढली. पश्चिमेच्या नव्या राज्यांत ती जाऊ द्यायची की नाही, याच भांडणातून देश फुटला आणि १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटलं. हजारो गुलाम मळे सोडून पळाले, कित्येक जण सैन्यात जाऊन लढले. १८६५ मध्ये घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी बंद झाली.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. पुस्तकाचं नाव आपण शाळेपासून ऐकतो. ती अर्पणपत्रिका मात्र मी यंदाच नीट वाचली, आणि तिच्यामागची ही कापसाची कथा कळल्यावर परत एकदा वाचली.

पुढच्या अभ्यासवर्गाला येताना एका प्रश्नावर विचार करून या : आज एखादं नवं यंत्र आलं की कुणाचं काम हलकं होतं, आणि कुणाचं वाढतं?