खाऱ्या वाऱ्यातले स्वयंपाकघर : वाचकांच्या शंका आणि समाधान

चतुर्थीला घर भरते, एका वेळी वीस-पंचवीस पाने मांडली जातात, आणि चाकरमानी परतले की स्वयंपाकघर नवे करायचा विषय निघतो. यंदाची बरीच पत्रे त्याच चर्चेतून आलेली दिसतात. जागेअभावी ती थोडी कापली आहेत.

प्रश्न : आमचे घर मालवणात, चिवला किनाऱ्यापासून अगदी जवळ. मला कोल्हापूरच्या बहिणीसारखे मॉड्युलर किचन हवे आहे. सासरे म्हणतात, दोन पावसाळ्यांत फुगून जाईल. दुकानदार छातीठोकपणे सांगतो, 'वॉटरप्रूफ आहे.' साठवलेले पैसे एकदाच खर्च होणार आहेत. विचार करून झोप लागत नाही. (एक गृहिणी, मालवण)

उत्तर : सासऱ्यांची शंका फळीपुरती अगदी बरोबर आहे. पार्टिकल बोर्ड (भुसा दाबून केलेली फळी) आणि एमडीएफ कडेने पाणी पितात आणि एकदा फुगले की सुकल्यावरही पूर्ववत होत नाहीत. बहिणीकडे ते कदाचित टिकेल. तुमच्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली असते, आणि त्यात मीठ. 'वॉटरप्रूफ' हा शब्द ऐकून समाधान मानू नका. प्लायवर आयएस ७१० हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला असेल तर ते मरीन प्लाय (उकळत्या पाण्यातही थर न सुटणारे प्लायवुड). बिलावरही तो क्रमांक लिहून घ्या. कापलेली प्रत्येक कड बंद करून घ्या, सिंकच्या पाइपासाठी पाडलेल्या भोकाची कडसुद्धा. फुगायला सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.

माझे मत विचाराल तर ओट्याखाली प्लाय नकोच. कडप्प्याचे उभे-आडवे कप्पे बांधून घ्या, वर ग्रॅनाइट टाका आणि हौस काय ती दारांवर करा. मुरलेल्या फणसाच्या लाकडाची दारे सुरुवातीला पिवळी दिसतात, वर्षागणिक तांबूस होत जातात, आणि पांढऱ्या भिंतीपुढे कुठल्याही लॅमिनेटपेक्षा देखणी वाटतात. मुठी लाकडी कातून घ्या. सावंतवाडीला लाकूड कातणारे आणि लाखेने रंगवणारे कारागीर आहेतच. लाकडी मुठीला गंज चढत नाही आणि तशीच मूठ दुसऱ्याच्या घरात दिसत नाही. ओट्याच्या वरच्या बाजूला मात्र कडप्पा किंवा संगमरवर नको. दोन्ही चुनखडीच्या कुळातले दगड. कोकमाचे आगळ सांडून रात्रभर राहिले तर सकाळी तिथली चकाकी गेलेली असते.

बिजागऱ्या आणि चॅनल ३०४ प्रतीच्या स्टीलचे घ्या. 'चुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४' असे दुकानात दाखवतात, पण स्वस्तातल्या २०२ लाही चुंबक चिकटत नाही आणि ते खाऱ्या हवेत लवकर गंजते. ३१६ प्रतीत मॉलिब्डेनम असते, ते मिठाला अधिक टिकते. महाग असल्याने समुद्राकडच्या खिडकीजवळ तेवढे वापरा. पुढे चहाच्या डागासारखे तांबूस ठिपके दिसले तर घाबरू नका, ते वरवरचे असतात. गोड्या पाण्याने धुऊन कोरडे पुसत राहिले तर वाढत नाहीत. आणि वरची कपाटे पश्चिमेच्या भिंतीला चिकटवू नका, बोटभर फट ठेवा. तेवढ्याने मागची बुरशी पुष्कळ कमी होते.

प्रश्न : आम्ही ठाण्याला असतो. आचऱ्याजवळच्या वडिलोपार्जित घरात माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधली चिऱ्याची भिंत काढून ओपन किचन करायचे ठरले आहे. गवंडी म्हणतो, दोन दिवसांचे काम. काका म्हणतात, घर अंगावर येईल. कोणाचे ऐकावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : अभियंता येऊन जाईपर्यंत तरी काकांचे. भिंतीखाली उभे राहून वर बघा. तुळईचे टोक, आढ्याला आधार देणारा खांब किंवा माळ्याची लाकडे तिच्यावर टेकली असतील तर ती छपराचा भार वाहते आहे. काहीच टेकलेले दिसत नसले तरी ती मोकळी आहे असे धरू नका. जुन्या घरांत चिरे पुष्कळदा नुसत्या मातीत रचलेले असतात, आणि आडवी भिंत कोपऱ्यातल्या सांध्याने लांब भिंतीला उभे धरून ठेवते. स्ट्रक्चरल इंजिनिअरने (इमारतीच्या भाराचा हिशेब करणारा अभियंता) पाहिल्याशिवाय एकही चिरा हलवू नये. हे काम गवंड्याच्या अंदाजावर सोडण्यासारखे नाही. घराचा आकार वाढणार असेल तर ग्रामपंचायतीत आणि किनाऱ्यालगत असल्यास सीआरझेडच्या (किनारा नियमन क्षेत्र) नियमांची आधी चौकशी करा.

भिंत काढता येते असे निघाले तरी मी ती ठेवायला सांगेन. मालवणी स्वयंपाकात तळण आहे, तिरफळ आहे, सुक्या मासळीची फोडणी आहे. हे सगळे माजघरातल्या गाद्यांपर्यंत जाते. त्याच भिंतीत, अभियंत्याच्या सल्ल्याने वर लिंटल (उघड्या जागेवरचा भार तोलणारी आडवी पट्टी) टाकून, चार फूट रुंद खिडकी काढा आणि खाली रुंद फळी बसवा. ताटे तिथून सरकतात, स्वयंपाक करणारी व्यक्ती गप्पांत राहते आणि भिंतही जागेवर राहते.

प्रश्न : सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. 'चुलीवरच्या भाताक जी चव, ती गॅसार नाय' म्हणतात आणि चूल काढू देत नाहीत. मुलगा धुराच्या धोक्याबद्दल वाचतो आणि रोज वाद होतो. त्यात शेजारी सांगतात, धूर थांबला की छपराला भुंगा लागेल. आम्ही पुरते गोंधळलो आहोत. (एक सून, वेंगुर्ले)

उत्तर : तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. घरातल्या चुली आणि इंधनाच्या धुरामुळे जगभरात वर्षाला सुमारे ३२ लाख मृत्यू होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज आहे. मुलाची काळजी रास्त आहे. शेजाऱ्यांचे म्हणणेही निराधार नाही. धुराची काजळी वाशांवर आणि रिपांवर बसून किडीला दूर ठेवते, म्हणून चूल बंद झालेल्या घरांत काही वर्षांनी वाशांतून पिवळसर भुगा पडताना दिसतो. पण लाकूड राखायला दुसरे उपाय आहेत. छातीला दुसरा उपाय नाही.

चूल मोडू नका, मागच्या पडवीत हलवा. तिन्ही बाजूंनी हवा खेळती हवी, आणि धुराडे छपराच्या माथ्याच्या वर निघायला हवे. ते अर्ध्यावर सोडले तर धूर वाऱ्याने परत कौलांत शिरतो. बैठक सासूबाईंच्या सवयीच्या उंचीची ठेवा, वैलही ठेवा, म्हणजे नवी चूल त्यांना परकी वाटणार नाही. पावसाळी गारठ्यात निखाऱ्यांची शेगडी मात्र बंद खोलीत कधीही ठेवू नये. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला (गुदमरवून मारणारा विषारी वायू) वास नसतो. छपराच्या लाकडाला आपल्याकडे काजूच्या टरफलाचे तेल लावायची जुनी पद्धत आहे आणि ती चालते, पण ते तेल कातडीला लागले तर फोड येतात. माहीतगार माणसाकडून, हातमोजे घालूनच लावून घ्या. भुगा आधीच पडत असेल तर सुताराला वर चढवून वासे ठोकून बघायला सांगा. सासूबाईंना दोन-तीन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा चढावर धाप असेल तर घरगुती काढ्यावर न थांबता डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : ओटा नवा केला आणि तेव्हापासून माझी कंबर धरते. जाऊबाईंना काहीच होत नाही. माझ्यातच काही बिघडले आहे का? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : बहुधा ओटाच तुमच्या मापाचा नसावा. ताठ उभ्या राहा, कोपर काटकोनात वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा आणि त्यातून चार इंच वजा करा. ही कापण्या-मळण्याची उंची. शेगडी स्वतःच चार-पाच इंच उंच असल्याने तेवढा भाग खाली हवा, आणि सिंक खोल असल्याने तो थोडा वर. दोघींच्या उंचीत फरक असेल तर एकाच उंचीचा सरळ ओटा कोणालाच नीट बसणार नाही. तोडफोड न करता कापण्यासाठी जाड लाकडी पाट वापरता येतो. तुम्ही ठेंगण्या असाल तर शेगडीपुढे पायाखाली रुंद, न घसरणारी फळी घ्या.

आणि सगळे काम उभ्यानेच का? १९२६ साली व्हिएन्नाच्या मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी जे आटोपशीर स्वयंपाकघर आखले, त्यात बसून काम करायला फिरते स्टूल होते. विळीवर बसणाऱ्या बायकांना यात नवल वाटणार नाही. खिडकीखाली गुडघ्याच्या उंचीची रुंद बैठक करा. नारळ खवणे, कोळंबी सोलणे तिथे होईल. दुखणे महिन्याभरात कमी झाले नाही, किंवा पायात मुंग्या आल्या, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : तारकर्लीत घरगुती निवास चालवतो. माशांच्या वासाने पाहुणे नाक मुरडतात, त्यांचे अभिप्राय वाचून लाज वाटते. महागडी चिमणी बसवू का? (एक वाचक, तारकर्ली)

उत्तर : यात लाजण्यासारखे काही नाही. चिमणी तळणाचा धूर ओढेल, पण वासाचे मूळ मासे साफ करण्याच्या जागेत असते. माशात मरणोत्तर तयार होणारा ट्रायमिथाइलअमाइन (माशाला उग्र वास आणणारा पदार्थ) आम्लाने दबतो, म्हणून विळी, पाट आणि हात कोकमाच्या किंवा लिंबाच्या पाण्याने धुवा. मागीलदारी माडाजवळ ग्रॅनाइटचा उतरता कट्टा, नळ आणि जाळी लावलेले गटार करा. खवले, आतडी घरात येऊच देऊ नका. उरलेल्या पैशांत चिमणी.

प्रश्न : नव्या रचनेत सिलिंडर कपाटात बंद होतो. स्फोट होईल या भीतीने मी दार उघडेच ठेवते. गॅस काढून सगळे इंडक्शनवर न्यावे का? (एक वाचक, देवगड)

उत्तर : दार उघडे ठेवण्यामागचा तुमचा विचार योग्य आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. कपाटाच्या तळाला, जमिनीलगत, बाहेरच्या हवेत उघडणारी जाळी हवी. वरच्या बाजूची भोके पुरेशी नाहीत. सिलिंडर उभा, शेगडी त्याच्यापेक्षा उंच, आणि रेग्युलेटरपर्यंत हात सहज पोचला पाहिजे. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, दिव्याच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका आणि बाहेर जाऊन १९०६ वर फोन करा.

इंडक्शन जोडीला जरूर घ्या, एकट्यावर विसंबू नका. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने तुमच्या जिल्ह्यातली वीज बरीच विस्कळीत केली, तेव्हा किती घरी काय झाले हे तुम्ही पाहिलेच असेल. शिवाय मातीची तवली इंडक्शनवर तापत नाही. इंडक्शनचा प्लग लावण्याआधी परवानाधारक वीजतंत्रीकडून अर्थिंग तपासून घ्या. ओल्या हातांच्या घरात आरसीसीबी (गळती होताच प्रवाह तोडणारे बटण) हवेच. तोपर्यंत गॅसच्या नळीवर छापलेले साल आज वाचा. पाच वर्षे उलटली असतील तर वितरकाकडून नवी नळी मागवा.