नर्सबाईंची संघटना आणि आपला रुग्ण

‘परिचारिकांचे काम बंद आंदोलन’ अशी बातमी वर्तमानपत्रात आली की आपल्याकडे प्रतिक्रिया ठरलेली असते. ‘पगार वाढवून हवा असेल, दुसरे काय!’ एखादा म्हणतो, ‘सेवेचे व्रत घेतले, आता संघटना कशाला?’ मी आयुष्यभर परिचारिकांना शिकवीत आले. म्हणजे मी एका बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते. तरीही आज जे सांगायचे आहे ते परिचारिकांसाठी नाही, रुग्णांसाठी आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी आहे. नर्सच्या हाताखाली किती रुग्ण असावेत, तिचे शिक्षण काय असावे, तिला कोणत्या परिस्थितीत काम करावे लागते, या प्रश्नांशी खाटेवरच्या माणसाचा जीव बांधलेला असतो. हे प्रश्न मांडणारी देशातील सर्वांत जुनी संघटना म्हणजे ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच टी.एन.ए.आय.

सुरुवात कशी झाली?

१९०५ साली लखनौ येथे नऊ अधिसेविका एकत्र आल्या. अधिसेविका म्हणजे आपण ज्यांना मेट्रन म्हणतो त्या. त्या काळी ही पदे युरोपीय बायकांकडेच असत. त्यांनी नर्सिंग सुपरिंटेंडेंट्सची एक संघटना स्थापन केली. पण नुसत्या मेट्रन एकत्र येऊन भागणार नव्हते. वॉर्डात प्रत्यक्ष काम करणाऱ्या प्रशिक्षित नर्सेसनाही जागा हवी होती. म्हणून १९०८ साली मुंबईच्या परिषदेत तसा निर्णय झाला आणि ट्रेन्ड नर्सेसची संघटना उभी राहिली. १९१० पासून तिचे मासिक निघू लागले. १९१२ साली तिला परिचारिकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे सदस्यत्व मिळाले. १९२२ मध्ये दोन्ही संघटना एक झाल्या. १९२९ च्या सुमारास विद्यार्थिनींसाठी स्वतंत्र शाखा सुरू झाली. आज नर्सिंग कॉलेजांतून स्टुडंट नर्सेस असोसिएशनचे कार्यक्रम होतात, ते तिचेच.

येथे एक फरक लक्षात घ्यावा. सरकारी परिचारिकांच्या सेवाशर्तींसाठी भांडणाऱ्या संघटना वेगळ्या आहेत. टी.एन.ए.आय. ही व्यवसायाची संघटना आहे. शिक्षण, नोंदणी, कामाची पद्धत, व्यवसायाची प्रतिष्ठा आणि कामाची परिस्थिती हे तिचे विषय.

‘ट्रेन्ड’ या शब्दाचे महत्त्व

नावातला ‘ट्रेन्ड’ हा शब्द उगीच आलेला नाही. शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे आजाऱ्याची सेवा घरातली बाई करी आणि बाळंतपण सुईण करी. परक्या माणसाचे मलमूत्र काढणे हे हलके काम समजले जाई. बऱ्या घरच्या मुली नर्सिंगला जात नसत. मुंबईत १८९१ साली काशीबाई गणपत या नर्सिंगच्या शिक्षणाला आल्या. पहिल्या भारतीय नर्स म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाने, म्हणजे १९०९ नंतर, विधवा व गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात नर्सिंगच्या शिक्षणासाठी पाठविले. त्यावेळी तेही मोठे धाडसच होते.

आपल्या नगरला हे काम मिशनच्या लोकांनी रुजविले. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आले. पुढे मिशनने बायका-मुलांसाठी रुग्णालय चालविले. तेच रुग्णालय १९३९ मध्ये साल्वेशन आर्मीकडे आले. आपण त्याला बूथ हॉस्पिटल म्हणतो. २०२० च्या करोनात माणूस माणसाजवळ जायला भीत होता, तेव्हा तेथील कर्मचाऱ्यांनी करोनाच्या रुग्णांची सेवा केली, हे नगरकर विसरलेले नाहीत.

पण शिकलेली नर्स आणि नुसती पांढरी साडी नेसलेली बाई यांतला फरक रुग्णाने ओळखायचा कसा? त्याचा उपाय म्हणजे सरकारी नोंदणी. संघटनेने सुरुवातीपासून नोंदणीचा आग्रह धरला. मद्रास प्रांतात १९२६ साली आणि मुंबई प्रांतात १९३५ साली नोंदणीचा कायदा झाला. तरीही प्रत्येक प्रांताचा अभ्यासक्रम वेगळा होता. अखेर १९४७ साली इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला आणि देशभर शिक्षणाचे एक किमान माप ठरले. महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा १९६६ चा आहे. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोगाचा नवा कायदा केला. तो १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी आहे.

आकडे काय सांगतात?

स्वातंत्र्यापूर्वी सर जोसेफ भोर यांच्या समितीने देशाच्या आरोग्याची पाहणी केली. १९४६ च्या तिच्या अहवालात देशात सुमारे सात हजार नर्सेस असल्याची नोंद आहे. म्हणजे ४३ हजार लोकांमागे एक नर्स! नर्सेस ज्या परिस्थितीत राहतात आणि काम करतात ती फार वाईट आहे, हेही समितीने नोंदविले. चाळीस वर्षांनी, १९८७ साली, सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखाली नर्सिंगसाठी उच्चाधिकार समिती नेमावी लागली. तिचा अहवाल १९८९ मध्ये आला. नर्सेसची अपुरी संख्या, राहण्याची गैरसोय, नर्सिंगबाह्य कामांचा बोजा, हेच प्रश्न तिच्यापुढेही होते.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचे माप असे होते : वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक नर्स, इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक, आणि अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक. रजेवर जाणाऱ्यांसाठी तीस टक्के जागा वेगळ्या. आता आपण रात्री कोणत्याही मोठ्या वॉर्डात जाऊन मोजून पाहावे. मी स्वतः तरुणपणी चाळीस खाटांच्या वॉर्डात एकटीने रात्रपाळी केलेली आहे. तेव्हा त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

साधा हिशोब करू. आठ तासांची पाळी म्हणजे ४८० मिनिटे. पाच रुग्ण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ९६ मिनिटे येतात. चाळीस रुग्ण असतील तर बारा मिनिटे. त्या बारा मिनिटांत औषध, इंजेक्शन, सलाईन, नाडी-ताप-रक्तदाब, लघवीचे माप, ड्रेसिंगची तयारी, डॉक्टरांचा राउंड, केसपेपर लिहिणे आणि नातेवाइकांच्या प्रश्नांना उत्तरे, हे सारे बसवायचे!

बसत नाही, तेव्हा काय सुटते? दोन उदाहरणे देते. बाळंतपणानंतरचा पहिला तास धोक्याचा. गर्भाशय घट्ट आहे ना, अंगावरून किती जाते आहे, नाडी व रक्तदाब कसा आहे, हे दर पंधरा मिनिटांनी पाहायचे असते. नर्स त्याच वेळी दुसऱ्या टेबलाशी अडकली, तर अंथरुणाखाली साचलेले रक्त कोणाच्या लक्षातही येत नाही. दुसरे उदाहरण अर्धांगवायूच्या रुग्णाचे. त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात आणि त्या महिनोन् महिने भरत नाहीत. येथे निष्काळजीपणा नसतो, हात अपुरे असतात.

हे नुसते माझे मत नव्हे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात १६८ रुग्णालयांतील दोन लाख ३२ हजारांवर शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा अभ्यास झाला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. एका नर्सकडे एक जादा रुग्ण आला की तीस दिवसांच्या आत मृत्यूची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढलेली आढळली. कॅलिफोर्निया राज्याने तर एका नर्सकडे जास्तीत जास्त किती रुग्ण द्यावेत, हे कायद्यानेच ठरविले. तेथे २००४ पासून त्याची अंमलबजावणी सुरू आहे.

सर्वोच्च न्यायालयापर्यंत

खाजगी रुग्णालयांतील नर्सेसची अवस्था आणखी बिकट. शिकलेली मुलगी बारा-बारा तास उभी राहते आणि महिन्याअखेरीस हातात पडते ते शेतमजुरीपेक्षाही कमी. कुठे मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवतात, कुठे बॉण्ड लिहून घेतात. माझ्या काही विद्यार्थिनींनी हे भोगलेले आहे. टी.एन.ए.आय.ने २०११ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. २९ जानेवारी २०१६ रोजी न्यायालयाने केंद्र सरकारला समिती नेमण्याचा आदेश दिला. समितीने जे सुचविले ते थोडक्यात असे :

दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात राज्य सरकारच्या नर्सइतका पगार. शंभर ते दोनशे खाटा असतील तर त्यापेक्षा फार तर दहा टक्के कमी. पन्नास ते शंभर खाटा असतील तर फार तर पंचवीस टक्के कमी. आणि पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी महिना वीस हजार रुपयांपेक्षा कमी नाही. शिवाय रजा, कामाचे तास, राहण्याची सोय याबाबतही सरकारी नियमांप्रमाणे.

मात्र या मार्गदर्शक सूचना आहेत. त्यांना कायद्याचे दात देण्याचे काम राज्यांवर सोपविले गेले. केरळमध्ये नर्सेसच्या दीर्घ आंदोलनानंतर २०१८ साली किमान वेतनाची अधिसूचना निघाली.

यावर तालुक्याच्या गावी पंधरा खाटांचा दवाखाना चालविणारे डॉक्टर म्हणतात, ‘एवढा पगार द्यायचा तर बिल वाढेल, ते रुग्णाला परवडेल का?’ हा प्रश्न खोटा नाही. परंतु नर्सचा पगार वाचविण्यासाठी न शिकलेल्या मुलीला एप्रन घालून इंजेक्शन द्यायला उभे केले, तर त्याची किंमत शेवटी रुग्णच मोजतो. फक्त ती बिलावर छापलेली नसते.

सुरक्षितता हाही आरोग्याचाच प्रश्न

नोव्हेंबर १९७३ मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर तेथीलच एका कामगाराने अमानुष हल्ला केला. त्यावेळी परिचारिकांनी संप करून सुरक्षितता मागितली. पुढे १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांनी अरुणाची सेवा केली. संप करणारे हात आणि सेवा करणारे हात वेगळे नसतात, याला यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

२०१० पासून महाराष्ट्रात रुग्णालय व आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हिंसाचाराविरुद्ध कायदा आहे. नर्सवर हात उगारणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हा अजामीनपात्र आहे.

आपल्या जिल्ह्याने तर त्याहून कठीण प्रसंग पाहिला. ६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीजेचा दिवस. नगरच्या जिल्हा रुग्णालयात करोनाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि अकरा रुग्णांचा मृत्यू झाला. त्यानंतर एका डॉक्टर महिलेला आणि तीन परिचारिकांना अटक झाली. दोष कोणाचा, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. ज्यांची माणसे गेली त्यांच्या दुःखापुढे बोलायला शब्द नाहीत. पण परिचारिकांच्या संघटनांनी तेव्हा विचारलेला प्रश्न आपण सर्वांनीच विचारायला हवा : इमारतीची विजेची व्यवस्था आणि आग विझविण्याची यंत्रणा ही वॉर्डातल्या नर्सची जबाबदारी असते का? नर्सला आग लागल्यावर काय करायचे याचे शिक्षण हवे, सराव हवा. तो देणारी व्यवस्था वरून यावी लागते.

वाचकांनी काय करावे?

एक : रुग्ण दाखल करताना रात्रपाळीला किती नोंदणीकृत नर्स असतात, एका नर्सकडे किती रुग्ण असतात, हे सौजन्याने विचारा. खोलीत टीव्ही आहे का, हे आपण विचारतोच ना!

दोन : नर्सबाई औषध किंवा रक्त देत असताना तिला मध्येच हाक मारू नका. चुका अशाच वेळी होतात. तातडीचे नसेल तर दोन मिनिटे थांबा.

तीन : प्रत्येक रुग्णाजवळ एकच नातेवाईक थांबला तर वॉर्डातली निम्मी गडबड कमी होते. कुशीवर कसे वळवायचे, तोंड कसे पुसायचे, हे नर्सकडून शिकून घ्या. इंजेक्शन, सलाईन आणि नळ्या यांना मात्र हात लावू नका.

चार : मुलीला किंवा मुलाला नर्सिंगला घालणार असाल तर प्रवेशापूर्वी संस्थेची मान्यता महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे तपासा. ए.एन.एम. दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. सहा महिन्यांत ‘नर्स’ करून देतो म्हणणाऱ्यांच्या जाहिरातींना भुलू नका. त्या कागदावर नोंदणी होत नाही.

पाच : जिल्हा परिषदेला, आमदारांना निवेदन देताना आपण इमारत मागतो, सोनोग्राफी मशीन मागतो. त्या निवेदनात आणखी एक ओळ घाला : आमच्या रुग्णालयातील परिचारिकांच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती आणि बाकीच्या कधी भरणार? ही माहिती माहितीच्या अधिकारातही मागता येते.

दरवर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, परिचारिका दिन साजरा होतो. गुलाबाची फुले दिली जातात, भाषणे होतात. फुले जरूर द्यावीत. पण बाराला सत्कार आणि तेराला पुन्हा चाळीस रुग्णांमागे एक नर्स, हे किती वर्षे चालायचे? नर्सेसची संघटना शंभराहून अधिक वर्षे हाच प्रश्न विचारते आहे. रुग्णांनी तो विचारायला लागावे. मग त्याचे उत्तर लवकर मिळेल.