जॅक नसलेला मोबाइल शेवटी कितीला पडतो?

जालन्यात मोबाइल घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक रॅम विचारतं, कॅमेरा विचारतं, हप्ता किती बसेल ते विचारतं. हेडफोनची पिन लागते तो जॅक आहे का, हे सहसा कुणी विचारत नाही. ते कळतं घरी आल्यावर, जुना हेडफोन हातात धरून नवा मोबाइल चारी बाजूंनी फिरवून पाहताना. दुसऱ्या दिवशी दुकानात जावं, तर उत्तर तयार असतं : ‘आता कोणत्याच मोबाइलला येत नाही, दादा. इअरबड घेऊन टाका, हजारात मस्त बसतील.’

यातलं पहिलं वाक्य खरं नाही. पंधरा हजारांच्या आतल्या रेडमी, पोको, मोटोरोला, लाव्हा यांच्या बऱ्याच मॉडेलांना आजही जॅक येतो. वीस-पंचवीस हजारांच्या पुढे तो विरळ होत जातो आणि आयफोनला तर 2016 च्या ‘आयफोन 7’पासून नाहीच. एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतही फरक असतो. सॅमसंगच्या ए-52 ला जॅक होता, 2022 मध्ये आलेल्या ए-53 मधून तो काढला. त्यामुळे ‘मागचा याच कंपनीचा होता, त्याला होता की’ यावर विसंबू नका. मोबाइल हातात घ्या आणि वरची-खालची कड स्वतः पाहा. ऑनलाइन घेत असाल तर माहितीत ‘3.5 एमएम जॅक’ हे शब्द शोधा. ‘ऑडिओ : टाइप-सी’ एवढंच लिहिलेलं असेल तर जॅक नाही, असंच धरून चाला.

दुकानदाराच्या दुसऱ्या वाक्यातल्या हजार रुपयांचं काय होतं, ते पुढे मांडलं आहे. आकडे बाजारातल्या साधारण भावांचे आहेत. सणासुदीला, ऑनलाइन सेलला आणि घासाघीस करण्याच्या तुमच्या हिमतीप्रमाणे ते खाली-वर होतील.

त्याआधी, हा जॅक गेला कसा ते पाहू. जॅक काढण्याची सुरुवात अ‍ॅपलने केली, असा सर्रास समज आहे. पण भारतात बिनजॅकचे मोबाइल आयफोन 7 च्या आधीच, 2016 च्या जूनमध्ये, लीइको या चिनी कंपनीने आणले होते. त्याच वर्षी 7 सप्टेंबरला अ‍ॅपलने आयफोन 7 दाखवला, जॅक काढायला धाडस लागतं असं कंपनीच्या फिल शिलर यांनी व्यासपीठावरून सांगितलं आणि त्याच कार्यक्रमात बिनवायरीचे एअरपॉड्सही दाखवले. तेव्हा अ‍ॅपलची टर उडवणाऱ्या सॅमसंगने ऑगस्ट 2019 मध्ये नोट-10 मधून जॅक काढलाच. पर्यावरणाची काळजी वाहणाऱ्या फेअरफोन या कंपनीने 2021 मध्ये जॅक काढला आणि त्याच वेळी स्वतःचे इअरबड बाजारात आणले.

कंपन्या कारणं देतात ती अशी : आत जागा लागते, बॅटरी मोठी बसवता येते, पाणी शिरत नाही. जागेचं कारण काही अंशी पटण्यासारखं आहे. पाण्याचं पटत नाही, कारण सॅमसंगच्या 2019 च्या एस-10 ला जॅकही होता आणि पाण्यापासून संरक्षणाचा आयपी-68 दर्जाही. सोनीने तर 2018 मध्ये आपल्या महागड्या मोबाइलमधून काढलेला जॅक 2020 मध्ये परत आणला. म्हणजे मनात आणलं तर बसतो. माझं मत विचाराल तर जॅक गेला तो मुख्यतः इअरबड खपावेत म्हणून, आणि त्याची किंमत सगळ्यात जास्त मोजतो तो स्वस्त मोबाइल घेणारा. पन्नास हजारांचा मोबाइल घेणाऱ्याला दोन हजारांचे इअरबड जड जात नाहीत. बारा हजारांचा मोबाइल हप्त्यावर घेणाऱ्याला जातात.

आता हिशेब. मोबाइल तीन वर्षं वापरायचा, असं धरू.

जॅक असेल तर बरा, कंपनीचा वायरवाला हेडफोन 300 ते 500 रुपयांना मिळतो. वर्षभरात पिनेपाशी वायर तुटते किंवा एका कानाचा आवाज जातो. वर्षाला एक म्हटलं तरी तीन वर्षांत साधारण 1,200 रुपये. बसस्टँडजवळ टांगलेला 100-120 चा घेतलात तर तो तीन-चार महिन्यांत जातो. तीन वर्षांत दहा हेडफोन, म्हणजे पुन्हा हजार-बाराशेच. स्वस्तात काही वाचत नाही, फक्त कचरा तिपटीहून जास्त होतो.

जॅक नसेल तर चार वाटा आहेत. पहिली, थेट टाइप-सी पिनेचा वायरवाला हेडफोन. किंमत 500 ते 800. वर्षाला एक धरून तीन वर्षांचे साधारण 1,950. फक्त स्वतःला ऐकायचं असेल तर बिनजॅकच्या मोबाइलला हीच सगळ्यात स्वस्त वाट, आणि दुकानदार हीच सगळ्यात कमी सांगतो. दुसरी, टाइप-सीचं भोक आणि जुनी पिन जोडणारा कन्व्हर्टर लावून जुनाच हेडफोन वापरणं. चांगला कन्व्हर्टर 500-600 चा. तो बोटभर असतो, हरवतो, मानेशी तुटतो. म्हणून तीन वर्षांत दोन धरा. हेडफोनचे 1,200 मिळवले की 2,400 च्या आसपास. तिसरी, गळ्यात अडकवायचा नेकबँड. 1,000 ते 1,300 चा दीड-दोन वर्षं चालतो, म्हणजे पुन्हा 2,400. चौथी वाट इअरबडची. 1,500 चे धरले आणि दोन वर्षांनी बदलले तर 3,000. मधे एखादा शेतात, बसमध्ये नाहीतर मोटारसायकलवरून पडला की साडेचार हजार. अ‍ॅपलचे एअरपॉड्स-4 तर भारतात 12,900 रुपयांना आले. तेवढ्यात घरातल्या आणखी एकाचा मोबाइल येतो.

इअरबड दोन वर्षांत का बदलावे लागतात? त्यांतल्या प्रत्येकात नखाएवढी बॅटरी असते. रोज चार्ज-डिस्चार्ज होऊन ती थकते. सुरुवातीला पाच तास चालणारा इअरबड दोन वर्षांनी तासा-दीड तासावर येऊ शकतो. ती बॅटरी बदलून देणारा कारागीर सहज सापडत नाही आणि सापडला तरी कवच डिंकाने चिकटवलेलं असतं, उघडलं की गेलं. वायरवाल्या हेडफोनला बॅटरीच नसते. रात्रपाळीला निघताना ‘चार्ज केलाय का’ हे पाहावं लागत नाही, आणि दुपारी लाइट गेली म्हणून अभ्यासिकेतल्या पोराचं लेक्चर अडत नाही. नेकबँडची बॅटरी त्यामानाने मोठी असते, म्हणून एमआयडीसीत कामाला जाणाऱ्याला इअरबडपेक्षा नेकबँड परवडतो. कानातून निसटला तरी तो गळ्यातच राहतो.

कन्व्हर्टर घेताना मात्र जपून. बाहेरून सारखे दिसणारे दोन प्रकार बाजारात आहेत. एकाच्या आत फक्त तारा जोडलेल्या असतात. तो 100-150 ला मिळतो. दुसऱ्याच्या आत मोबाइलमधून येणाऱ्या डिजिटल आवाजाचं रूपांतर करणारी चिप असते. दुकानात त्याला ‘डॅकवाला’ म्हणतात आणि तो 400 पासून पुढे मिळतो. काही मोबाइल साध्यावर चालतात. टाइप-सी आलेले आयफोन (15 पासून पुढचे) आणि सॅमसंगचे वरचे मोबाइल मात्र साध्या कन्व्हर्टरवर मुके राहतात. म्हणून हा तुकडा पाकीटबंद घेऊन घरी येऊ नका. आपला मोबाइल आणि आपला हेडफोन घेऊन जा, दुकानातच लावा, एक गाणं वाजवा आणि एक फोन करून समोरच्याला आपला आवाज जातो का ते पाहा. पिन अर्धी फिरवून बघा. खरखर आली तर दुसरा मागा. अ‍ॅपलचा टाइप-सी कन्व्हर्टर 900 रुपयांचा आहे, चांगला आहे, पण बऱ्याच अँड्रॉइड मोबाइलवर त्याचा आवाज कमी येतो.

ओप्पो, विवो, रिअलमी, वनप्लस वापरणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. कन्व्हर्टर लावला आणि आवाज आला नाही, तर लगेच परत करू नका. सेटिंगमध्ये ‘ओटीजी’ शोधा आणि चालू करा. या मोबाइलमध्ये ते काही मिनिटं वापरलं नाही की आपोआप बंद होतं. चांगले कन्व्हर्टर ‘खराब’ ठरून परत जातात ते यामुळेच.

टाइप-सीच्या भोकातून ऐकायचं म्हटलं की ऐकणं आणि चार्जिंग दोन्ही एकाच ठिकाणी येतं. एकाच वेळी दोन्ही करायला वेगळा जोड मिळतो, पण तो प्रत्येक मोबाइलला चालत नाही. शिवाय रोजच्या काढ-घालीने चार्जिंगची पिन ढिली होते. जॅक बिघडला तर 150-300 रुपयांत बदलून मिळतो आणि बिघडलेला असतानाही मोबाइल चालतो. चार्जिंगची पट्टी (जिच्यावर ही पिन बसवलेली असते) गेली तर मोबाइलच बंद, आणि खर्च 300 पासून मॉडेलप्रमाणे हजारापर्यंत. टाइप-सीने ऐकायचं ठरवलंत तर हा एक खर्चही तीन वर्षांत धरून ठेवा. पाच-सहा महिन्यांनी मोबाइल बंद करून लाकडी टूथपिकने भोकातली धूळ अलगद काढली, तर बऱ्याचदा पट्टी बदलायची गरजच पडत नाही.

हा प्रश्न नुसता कानाचा नाही. गावात सप्ताह असतो, शाळेत 26 जानेवारीचं संमेलन असतं, ट्रॅक्टरवर टेप असतो. मिक्सरच्या लाल-पांढऱ्या पिनांपासून मोबाइलच्या जॅकपर्यंत जाणारी लीड शंभर-सव्वाशेला मिळते आणि सगळा गाव त्यावर ऐकतो. सरांच्या नव्या मोबाइलला जॅक नसला की ऐन नाचाच्या वेळी पोरं स्टेजवर उभी आणि सर प्रेक्षकांत जुना मोबाइल शोधत हिंडतात. अशा ठिकाणी प्रत्येकाने कन्व्हर्टर घेण्यापेक्षा मंडळाने किंवा शाळेने 300 रुपयांचा ब्लूटूथ रिसीव्हर एकदाच घेऊन मिक्सरला लावून ठेवावा. (वाजवणाऱ्याने मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून ब्लूटूथ तेवढं चालू ठेवावं, नाहीतर नाच चालू असताना लाउडस्पीकरवर कर्जवाल्या बाईचा फोन येतो.) मोसंबीच्या बागेत उभं राहून व्हिडिओ करणाऱ्या तरुणांनाही जॅकची अशीच अडचण येते. वायरवाला कॉलर माइक सात-आठशेत मिळतो, पण त्याची पिन जॅकची. कन्व्हर्टर माइक चालवणारा आहे का, हे विचारूनच घ्या. ब्लूटूथ इअरबडवर रेकॉर्डिंग करून चालत नाही. आवाज दबतो आणि ओठांच्या मागे राहतो.

हेडफोनच्या पिनेवरचे काळे पट्टे मोजले की बराच उलगडा होतो. तीन पट्टे असतील तर पिनेला माइक आहे, दोन असतील तर फक्त आवाज. मिक्सरच्या लीडला दोन पट्टे लागतात, कॉलर माइकला तीन.

एफएम रेडिओ ऐकणाऱ्यांनी जॅकवालाच मोबाइल घ्यावा. मोबाइलमधल्या एफएमला हेडफोनची वायरच अँटेना म्हणून लागते. जॅक गेला की बहुतेक मोबाइलमधला एफएम निकामी होतो आणि कन्व्हर्टर लावूनही सहसा येत नाही. केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल 2023 मध्ये मोबाइल उद्योगाच्या संघटनांना सूचना केली होती, की एफएमची सोय असलेल्या मोबाइलमध्ये ती बंद करू नका, नसेल तिथे द्या. पूर-वादळात नेटवर्क पडल्यावर रेडिओच उरतो. सूचनेत एफएम आहे, पण त्याला लागणारी वायर कुठे खोचायची हे कंपनीवर सोपवलेलं आहे.

आता बिल. मोबाइल, हेडफोन, इअरबड यांवर 18 टक्के जीएसटी आहे आणि तो छापील किमतीतच धरलेला असतो. ‘बिल पाहिजे असेल तर 18 टक्के वर पडतील’ असं कुणी म्हटलं, तर ते छापील किमतीच्या आत आहे का ते पाहा. त्यावर एक रुपयाही घेता येत नाही. इअरबड घेताना खोक्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये तो घातला की कंपनीचं नाव येतं. पाचशे रुपयांत मोठ्या कंपनीचे इअरबड मिळत असतील, तर खोका कितीही चकचकीत असो, माल बहुधा फर्स्ट कॉपी, म्हणजे नकली आहे.

वॉरंटीचाही हिशेब मांडा. काही कंपन्यांच्या अधिकृत सेवेसाठी साठेक किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला जावं लागतं. 1,200 च्या इअरबडसाठी दोनदा जाणं-येणं आणि एक बुडालेली हजेरी, यात वॉरंटी संपते. म्हणून घेण्याआधी विचारा : बिघडला तर तुम्ही बदलून देणार, की मी पाठवायचा? ‘आम्ही देऊ’ असं उत्तर आलं तर बिलावर तसं लिहून घ्या.

‘मोबाइलला जॅक आहे’ असं सांगून बिनजॅकचा मोबाइल दिला किंवा वॉरंटीतला हेडफोन बदलून दिला नाही, तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं. तिथून मिटलं नाही तर जालन्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. 2019 च्या कायद्याप्रमाणे कंपनी मुंबईची असो की दिल्लीची, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. लागतं ते पक्कं बिल.